रक्त कोणी झेलायचे?

देवीमाहात्म्याच्या, म्हणजेच दुर्गासप्तशतीच्या, आठव्या अध्यायात रक्तबीज नावाच्या असुराशी युद्ध सुरू होते, तेव्हा पहिले काही श्लोक सगळे देवीच्या बाजूने जाते. ऐंद्री वज्राचा प्रहार करते आणि तो नेमका बसतो. वैष्णवीचे चक्र चुकत नाही, कौमारीची शक्ती चुकत नाही, वाराहीची तलवार आणि माहेश्वरीचा त्रिशूळ चुकत नाहीत. रक्तबीज घायाळ होतो, त्याच्या अंगातून रक्त वाहू लागते आणि तेथूनच युद्ध हातचे जायला लागते. जमिनीवर पडलेल्या प्रत्येक थेंबातून त्याच्याच आकाराचा, त्याच्याच बळाचा आणि पराक्रमाचा एक नवा असुर उभा राहतो. ते नवे असुरही शस्त्रे उगारून मातृकांवर, म्हणजे देवांच्या शक्ती असलेल्या या देवींवर, तुटून पडतात, मातृका त्यांनाही कापून काढतात, त्यांचेही रक्त सांडते. थोड्याच वेळात सारे जग त्या असुरांनी भरून जाते आणि विजयाची वाट पाहणाऱ्या देवांच्या पोटात भीतीचा गोळा येतो.

न मरणाऱ्या असुरांची आपल्या पुराणांत उणीव नाही. हिरण्यकशिपूने दिवस आणि रात्र, घर आणि अंगण, माणूस आणि पशू अशी मृत्यूची एकेक वाट वर मागून बंद करून घेतली होती. नरसिंहाने संध्याकाळची वेळ साधून, उंबरठ्यावर बसून त्या बंदोबस्तातली फट शोधली. रावणाने देव-दानवांपासून अभय मागितले आणि माणसाला तुच्छ लेखून यादीतून वगळले. अशा कथांमध्ये शत्रू हे एक कोडे असते आणि कोडे सुटले की शत्रू संपतो. रक्तबीजाचे तसे नाही. त्याला जखम होते, त्याला मारता येते, त्याच्यापर्यंत जाण्याची वाट सताड उघडी आहे. मात्र त्या वाटेने गेलेला प्रत्येक योद्धा शत्रूंची संख्या वाढवून परत येतो. शौर्य, अचूक नेम, शस्त्राची धार हे योद्ध्याचे सगळे गुण येथे उलटतात; ज्याचा हात जितका तयार, त्याच्याकडून होणारे नुकसान तितके मोठे. लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या राक्षसांमध्ये मला खरी धास्ती वाटली ती या एकाचीच.

ज्यांनी शेत केले आहे त्यांना हा शत्रू चांगला ओळखीचा आहे. हरळीने धरलेल्या रानात घाईघाईने कुळव फिरवला, तर जमिनीखालच्या तिच्या काशा तुटतात, त्यांचे तुकडे शेतभर पसरतात आणि पाऊस पडताच प्रत्येक पेरातून नवी हरळी उठते. कुळव मारणाऱ्याने कष्ट केलेले असतात, घाम गाळलेला असतो आणि त्या घामानेच एका कोपऱ्यातली हरळी साऱ्या रानाची केलेली असते. जाणते शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतात, काशा उघड्यावर आणून तापू देतात, आणि मग घरातली सगळी माणसे, विशेषतः बायका, ओळीने बसून एकेक काशी वेचून पाटीत घालतात व बांधावर नेऊन जाळतात. नांगर तेथेही चालतोच. मात्र तुटलेले काय झाले याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते, आणि वेचणीचे ते काम नांगरटीपेक्षा कितीतरी पटींनी लांबते.

चंडिका, म्हणजे स्वतः देवी, आठव्या अध्यायात हेच करते. देवांचे चेहरे उतरलेले पाहून ती चामुंडेला, म्हणजे कालीला, म्हणते, ‘विस्तीर्णं वदनं कुरु’, तोंड पसर. माझ्या शस्त्राने सांडणारे रक्त आणि त्या रक्तातून उपजणारे असुर तू झपाट्याने तोंडात घे, त्यांना खात रणात फिरत राहा, म्हणजे हा दैत्य रक्त संपून नष्ट होईल. एवढे सांगून ती शूल मारते. आमच्या घरी नवरात्रात सप्तशतीचा पाठ असे आणि आठव्या अध्यायाला वाचणाऱ्यांचा आवाज आपसूक चढत असे. तेव्हा मला एवढेच समजले होते की कालीने रक्त खाली पडू दिले नाही आणि प्रश्न मिटला. पुढे संस्कृत सावकाश लावत वाचताना एका श्लोकाशी मी अडखळले आणि बराच काळ तेथून पुढे गेले नाही. त्या श्लोकात म्हटले आहे की चामुंडेच्या तोंडातही रक्त पडल्यावर असुर उपजले, आणि ते तिने चावून खाल्ले.

म्हणजे रक्त जमिनीवर पडले नाही तरी त्याचा गुण जात नाही. झेलणाऱ्याच्या तोंडात तोच शत्रू पुन्हा जन्मतो, तितकाच बलवान, तितकाच हिंसक, आणि त्याला तेथल्या तेथे, दातांखाली, संपवावे लागते. शूल मारणाऱ्या चंडिकेला एकाच रक्तबीजाशी लढायचे आहे. तिच्यावर त्याने गदा हाणली तर तिला यत्किंचितही वेदना झाली नाही, असे पोथी आवर्जून सांगते. चामुंडेला काय झाले याबद्दल पोथीत अक्षर नाही. रक्तबीजाच्या संख्येइतकी युद्धे तिच्या तोंडात झाली असतील. चित्रांत आणि मूर्तींत आपण तिची लांब जीभ, विस्फारलेले डोळे, खपाटीला गेलेले पोट पाहतो आणि तिचे उग्र रूप म्हणून हात जोडतो. मला आता ते काम करणाऱ्या बाईचे रूप वाटते.

शिल्पकारांना हे झेलण्याचे महत्त्व पुरेपूर कळले होते, याची खात्री मला घारापुरीच्या लेण्यात झाली. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेल्या त्या मुख्य लेण्यात लोक त्रिमूर्तीपुढे थांबतात, आणि ते योग्यच आहे. पण पश्चिमेच्या बाजूला, लिंगाच्या गाभाऱ्याजवळ, अंधकासुरवधाचा पट आहे. त्याचा खालचा भाग पार फुटून गेला आहे, शिवाचे पाय उरलेले नाहीत, आठ हातांपैकी काही मोडले आहेत. जे उरले आहे ते पाहताना मात्र पाऊल पुढे पडत नाही. चेहरा ताणलेला, डोळे वटारलेले, ओठांच्या कोपऱ्यातून सुळे बाहेर आलेले, जटामुकुटात कवटी आणि मागे पसरून धरलेले हत्तीचे कातडे. शूलावर टांगलेला अंधक शिवाच्या मानाने अगदी लहान आहे. आणि इतक्या आवेशाच्या, साऱ्या अंगाने पुढे झेपावणाऱ्या त्या आकृतीच्या एका हातात एक पात्र आहे, अंधकाचे रक्त झेलण्यासाठी धरलेले.

अंधकाच्या रक्ताचाही गुण तोच होता. थेंब पडला की नवा अंधक. शिल्पकाराने एकाच देहात दोन कामे कोरली आहेत. जो हात वार करतो त्याला क्रोध आवश्यक आहे. जो हात पात्र धरतो तो क्रोधाने थरथरला तर सगळे फुकट जाईल. त्या काळ्या दगडात तो पात्राचा हात स्थिर आहे. मारण्याची इतकी शिल्पे आपल्याकडे आहेत, महिषासुरमर्दिनी आहेत, नरसिंह आहेत, पण आपल्या वाराचे काय होणार आहे हे वार करतानाच जाणणारा आणि त्याची सोय हातात घेऊन आलेला योद्धा मला या पटात जसा दिसला तसा दुसरीकडे दिसलेला नाही.

जगातल्या इतर कथांकडे पाहिले तरी ही सोय कोणाला तरी करावी लागलेली आहे. ग्रीकांच्या कथेतला हेराक्लीस लेर्नाच्या दलदलीतल्या हायड्रा नावाच्या बहुमुखी सर्पिणीवर चालून जातो आणि तिचे एक डोके छाटले की तेथे दोन उगवतात. त्याचा पुतण्या इओलाउस जळते कोलीत घेऊन शेजारी उभा राहतो आणि काकाने मान छाटली की लगेच ती जखम डागतो, म्हणून तेथून काही उगवत नाही. एक डोके अमर असते, ते जमिनीत पुरून वर मोठी शिळा लोटतात. हे साहस ज्याच्या आज्ञेने चालले होते तो राजा युरिस्थेउस नंतर हिशेबात खोट काढतो. पुतण्याची मदत घेतली म्हणून ही कामगिरी धरायला तो नकार देतो. मला तो नकार फार अन्यायाचा वाटतो. डागणारा नसता तर छाटणारा तेथेच, त्या चिखलात, वाढत्या डोक्यांच्या गराड्यात संपला असता. हायड्राच्या विषारी पित्तात हेराक्लीस आपले बाण बुडवून घेतो. पुढे त्याच बाणाने मेलेल्या नेसॉसचे विषमिश्रित रक्त त्याच्या बायकोच्या हाती लागते, ते प्रेमाचे औषध आहे अशा समजुतीने ती ते त्याच्या वस्त्राला लावते आणि तो जळून मरतो. हायड्राचे विष जपून ठेवणारा शेवटी त्याच विषाने गेला.

येथपर्यंत मी सांगितलेले शत्रू त्यांच्या जखमेतून वाढतात. दुसरी एक जात आहे, ती मारणाऱ्याच्या रागातून वाढते. या दोन जातींची आपण सर्रास गल्लत करतो आणि त्या गल्लतीतून माणसांना चुकीचा सल्ला देतो, म्हणून दुसऱ्या जातीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात एक लहानसे सुत्त, म्हणजे सूत्र, आहे. एक कुरूप, बुटका यक्ष येऊन देवांचा राजा शक्र, म्हणजे इंद्र, याच्या आसनावर बसतो. देव चिडतात, कुरकुरतात, नावे ठेवतात. आणि ते जसजसे चिडतात तसतसा तो यक्ष देखणा, तेजस्वी होत जातो. देव शक्राला जाऊन सांगतात, तेव्हा त्याला कळते की हा क्रोधभक्षी यक्ष आहे, राग हेच याचे अन्न. शक्र येतो, उत्तरीय एका खांद्यावर घेतो, उजवा गुडघा जमिनीला टेकवतो, हात जोडतो आणि मी देवांचा राजा शक्र आहे असे आपले नाव तीनदा सांगतो. दर वेळी यक्ष अधिक कुरूप, अधिक खुजा होत जातो आणि तेथेच अंतर्धान पावतो. जैन परंपरेत सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत बलदेव, सात्यकी आणि दारुक हे रात्रीच्या पहाऱ्यात एका पिशाचाशी आळीपाळीने झुंजतात आणि त्यांच्या रागासरशी ते वाढत जाते. कृष्णाची पाळी येते तेव्हा तो पिशाचाच्या बळाचे कौतुक करत राहतो, आणि ते इतके लहान होते की तो त्याला वस्त्रात गुंडाळून ठेवतो. सुंदरकांडातल्या सुरसेच्या प्रसंगातही हीच चढाओढ आहे. हनुमान मोठा होतो तसे तिचे तोंड मोठे होते, हे शंभर योजनांपर्यंत जाते, आणि मग हनुमान अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर येतो. वाढण्याच्या स्पर्धेत त्याला हार जावे लागले नाही, कारण त्याने स्पर्धाच सोडून दिली.

या जातीतली सगळ्यात मोठी कथा महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. द्रोणाचार्यांच्या वधानंतर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. आकाशातून जळते बाण, चक्रे, गदा कोसळू लागतात, आणि पांडवांच्या बाजूचे वीर जितके निकराने लढतात तितके ते अस्त्र प्रखर होते. कृष्ण ओरडून सांगतो की शस्त्रे खाली ठेवा, रथांतून, हत्तींवरून, घोड्यांवरून उतरा. मनात देखील लढायचे आणू नका. सगळे उतरतात. भीम उतरत नाही. तो म्हणतो की मी गदेने या अस्त्राचा समाचार घेतो, आणि साऱ्या सैन्यावर पसरलेले ते अस्त्र एकट्या भीमाच्या माथ्यावर गोळा होते. अर्जुन वारुणास्त्राने त्याला झाकतो, तरी भीम आगीत दिसेनासा होतो. शेवटी कृष्ण आणि अर्जुन निःशस्त्र होऊन त्या आगीत उडी घेतात आणि त्याला रथावरून खाली ओढतात. ओढला जात असतानाही भीम गर्जना करत असतो आणि त्या गर्जनेसरशी अस्त्र आणखी वाढते.

त्या वेळी कृष्ण भीमाला जे म्हणतो ते मला महाभारतातल्या शहाण्या वाक्यांपैकी एक वाटते. तो सांगतो की युद्ध करून या घडीला हे जिंकता येण्यासारखे असते तर आम्हीही लढलो असतो. यात अहिंसेचा उपदेश नाही, शरणागती तर नाहीच. भीम खाली उतरतो, अस्त्र शांत होते, दुर्योधन अश्वत्थाम्याला ते पुन्हा सोडायला सांगतो, आणि अश्वत्थामा म्हणतो की ते दुसऱ्यांदा सोडता येत नाही, सोडले तर सोडणाऱ्यावरच उलटते. आणि लगेच, त्याच दिवशी, त्याच मैदानात, पांडव शस्त्रे उचलून पुन्हा लढू लागतात. हात जोडले होते ते अस्त्रापुढे, कौरवांपुढे नव्हे.

हा भेद माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कोणी त्रास देत असेल, कोणी अन्याय करत असेल, तर आजकाल सर्रास एकच सल्ला मिळतो: लक्ष देऊ नका, उत्तर दिले की ते वाढतात. यक्षाच्या बाबतीत हा सल्ला खरा आहे. लोकांना चिडवून स्वतः मोठे होणारे असतात, त्यांचे खाणेच दुसऱ्याचा संताप असते, आणि त्यांना शांतपणे नाव सांगून नमस्कार केला की त्यांचे आसन सुटते. पण रक्तबीज कोणाच्या रागावर जगत नाही. मातृकांनी शस्त्रे टाकून नमस्कार केला असता तर त्याने त्यांना मारले असते. त्याच्यापुढे चंडिका थांबत नाही, लढाई सोडत नाही, एवढेच की झेलणारी शेजारी उभी केल्याशिवाय ती पुढचा शूल मारत नाही. ज्या माणसावर खरोखर घाव पडत आहेत त्याला दुर्लक्ष कर म्हणून सांगणे म्हणजे रक्तबीजापुढे यक्षाचा मंत्र म्हणणे होय, आणि तो मंत्र सांगणारा बहुतेक वेळा दूर, सुरक्षित जागी उभा असतो.

येथेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भाषणांतून, लेखांतून रक्तबीजाची उपमा वारंवार येते. भ्रष्टाचाराला, व्यसनाला, अफवेला ती दिली तर मला तक्रार नाही. पण माणसांच्या एखाद्या समूहाला कोणी रक्तबीज म्हणू लागले, तर मी ऐकायची थांबते. त्या एका शब्दाने समोरची सगळी माणसे एकसारखी होतात, त्यांची मुलेबाळे शत्रूची प्रत ठरतात, आणि मारत राहण्याला शेवट उरत नाही. कथा तसे शिकवत नाही. रक्तबीजाच्या गोष्टीत मुळात एकच रक्तबीज आहे, आणि बाकीचे सगळे आमच्या वारांमुळे झालेले आहेत.

माझ्या माहेरी एका बांधावरून भाऊबंदकी सुरू झाली होती. बांध कोणी कोरला हा प्रश्न साधा होता आणि मोजणी आणून तो मिटला असता. पण एका घरातून बोलल्या गेलेल्या शब्दाला दुसऱ्या घरातून उत्तर गेले, त्या उत्तरातून विहिरीच्या पाळीचा वाद निघाला, त्यातून वाटेचा, त्यातून एका लग्नात न दिलेल्या मानाचा. एका दाव्याचे अनेक दावे झाले. दोन्ही बाजूंना असे वाटत असे की आपण दिलेले उत्तर बिनतोड आहे, आणि ते खरेही असे. अचूक बसलेल्या प्रत्येक उत्तरातून पुढचे भांडण उभे राहत गेले.

त्या सगळ्या काळात माझी एक काकू होती जिच्याकडे दोन्ही घरांच्या बायका येऊन मन मोकळे करत. काय काय बोलले जात असे याची मला आज कल्पना येते. त्या वेळी मी ओसरीवर अभ्यास करत असे आणि आतून रडण्याचे, शिव्याशापांचे आवाज येत. काकू ऐकून घ्यायची. ‘बरं, सांगितलंस ना, आता ते इथंच राहू दे’, असे म्हणून ती चहा टाकायची. एका घरातला शब्द तिने दुसऱ्या घरात कधी नेला नाही, आपल्या नवऱ्यालाही सांगितला नाही. ती लढाईच्या विरुद्ध नव्हती. आमचा हक्क आहे तेवढी जमीन आम्हाला मिळालीच पाहिजे असे ती स्पष्ट म्हणे, आणि कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्यांना पहाटे उठून भाकरी बांधून देई. दाव्यांचे जे व्हायचे ते कोर्टात झाले. पण आज आम्ही चुलत भावंडे एकमेकांच्या घरी जातो, जेवतो, आमच्या मुलांना त्या भांडणातला एकही शब्द ठाऊक नाही, आणि याचे श्रेय कोणत्याही निकालाला नसून त्या स्वयंपाकघराला आहे.

काकूला त्या वर्षांत रात्री झोप लागत नसे. छातीत जळजळते म्हणायची, आणि घरात सगळे तिला तिखट कमी खा असे सांगत. गणपतीच्या कथेत अनलासुर नावाचा अग्नीचा असुर आहे. देवांना तो आवरत नाही तेव्हा गणपती त्याला गिळून टाकतो, आणि मग त्याच्या पोटात असा दाह उठतो की चंद्र, कमळे, पाणी कशानेच तो शमत नाही, शेवटी ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी शमतो. शत्रू गिळणाऱ्याच्या पोटात आग पडते हे ज्याने ही कथा रचली त्याला ठाऊक होते, आणि ती शांत करणे हे बाकीच्यांचे काम आहे हेही ठाऊक होते. आमच्या घरात ते काम कोणाला सुचले नाही. भांडणात कोण काय बोलला, कोणत्या वकिलाने काय केले, पुढची तारीख कधी, याचीच चर्चा जेवताना होत असे.

सप्तशतीची पोथीही येथे आमच्या घरासारखीच वागते. आठवा अध्याय संपतो तेव्हा रक्तबीज रक्तहीन होऊन कोसळलेला असतो, देव आनंदलेले असतात, आणि मातृगण रक्ताच्या मदाने धुंद होऊन नाचत असतो. शेवटच्या ओळीतले ते नाचणे एका क्षणात येते आणि जाते. नवव्या अध्यायाच्या आरंभी कथा ऐकणारा सुरथ राजा म्हणतो की आपण रक्तबीजवधाचे हे अद्भुत चरित्र सांगितलेत, आता तो पडल्यावर असुरांचा राजा शुंभ आणि त्याचा अतिकोपी भाऊ निशुंभ यांनी काय केले ते ऐकायची माझी इच्छा आहे. चामुंडेचे काय झाले, त्या नाचणाऱ्या मातृकांचा मद कसा उतरला, हे राजा विचारत नाही, आणि कथा सांगणारे मेधा ऋषीही आपण होऊन सांगत नाहीत.

तो प्रश्न मत्स्यपुराणाने घेतला आहे. तेथे अंधकाचे रक्त पिण्यासाठी शिवाने मातृका निर्माण केल्या; त्या पीत राहिल्या, तृप्त झाल्या, तरी अंधक वाढतच होते, तेव्हा विष्णूने शुष्करेवती निर्माण केली आणि तिने क्षणात सारे रक्त शोषून घेतले. अंधकाचा शेवट वधाने होत नाही. तो शिवाची स्तुती करतो आणि शिव त्याला आपल्या गणांत घेतो. ज्याच्यासाठी एवढे रक्त प्यावे लागले त्याला असे घर मिळते आणि रक्त पिणाऱ्या मातृका भुकेल्या उरतात. त्या शिवाला सांगतात की आता आम्ही जग खाणार, आणि शिवाचेही ऐकत नाहीत. तेव्हा शिव नरसिंहाला शरण जातो. नरसिंह त्या मातृकांना मारत नाही. तो स्वतः आणखी देवी उत्पन्न करतो, त्यांच्या तेजापुढे मातृका नरसिंहाच्या आश्रयाला येतात, आणि मग तो त्यांना लोकांचे पालन करण्याचे काम आणि पूजेचे स्थान देतो. असुर संपल्यावर पुराण इतका वेळ त्यांच्यापाशी थांबते याबद्दल मला त्या पुराणकाराविषयी कृतज्ञता वाटते.

वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘रावण की खाई’ म्हणतात, सप्तमातृकांचा पट आहे. बहुतेक पाहुणे कैलास पाहून थकलेले असतात आणि येथून भराभर पुढे जातात. कोणी जाणार असेल तर माझी विनंती आहे की त्या पटापुढे थोडे थांबावे. वज्र मारणारी ऐंद्री, चक्र सोडणारी वैष्णवी, तलवार चालवणारी वाराही, त्याच या. आणि शिल्पकाराने त्यांना ओळीने बसवून त्यांच्याजवळ लहान मुले दिली आहेत.